बॅनरची वरची काठी

ऐका, तो पत्त्यांचा डाव ठेवा जरा बाजूला. मला एक सांगायचंय आणि आत्ताच सांगते, नाहीतर मी परत गप्प बसेन. सकाळी वर्गात सर म्हणाले ना, की एकेक डोळा ठणठणीत, तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधडा वाचणारा माणूस, आणि तरी समोरची वस्तू किती लांब आहे ते त्याला कळत नाही, असं कुणी पाहिलंय का? तुम्ही सगळे नाही म्हणालात. मीपण मान हलवली. खोटं होतं ते. मी पाहिलंय. माझी आत्येबहीण आहे. ओना. ओना तुओर.

हो, तीच, टीव्हीवरची. अगं, मी कशाला सांगत फिरू? आल्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही मला नेसा म्हणून हाकच मारली नसती, 'ओनाची बहीण' म्हणाला असतात. आमच्या गावात मी तेवढीच आहे.

तर तुम्हाला माहितीय ती जिंकणारी ओना. त्याच्या आधीचीही एक ओना आहे, एकोणीस वर्षांची, जिला स्लालमच्या, म्हणजे बर्फावर एकेकीने घड्याळाविरुद्ध स्की करायच्या, संघातून दोन ओळींचं पत्र पाठवून काढून टाकलं होतं. म्हणे वेळ जास्त लागतो. खरंच लागायचा. घड्याळाशी तिचं कधी जमलंच नाही. पण पुढे माणूस दिसलं की ती सुटायची! चार भावांत वाढलेली, जेवणाच्या टेबलाशी कोपरं मारल्याशिवाय हिला बटाटा मिळायचा नाही. मग कुणीतरी म्हणालं, स्की क्रॉस करून बघ. चार जणी एकदम सुटतात, वळणं, उड्या, खांद्याला खांदा, आणि खाली पहिल्या दोघी पुढच्या फेरीत, मागच्या दोघी घरी. घड्याळाकडे कोण बघतंय! दुसऱ्या वर्षी ती पहिली शर्यत जिंकली. पाचव्या वर्षी जगज्जेती. लागोपाठ दोन हिवाळे तो मोठा काचेचा गोल, वर्षाच्या विजेतीला देतात तो, आमच्या खोऱ्यात आला, आणि आत्याने त्याच्या खोक्यात एकदा चक्क अंडी ठेवली होती, कारण फ्रीजमध्ये जागा नव्हती.

आणि फॅन क्लब! आमच्या गावाची वस्ती एकशे ऐंशी आणि क्लबचे सभासद दोनशे चौदा. बाबा अध्यक्ष. बाबा म्हणजे प्लात्सी, खोऱ्यातली पिवळी बस चालवणारा. गावात त्याला नावाने कुणी हाकच मारत नाही. "अध्यक्ष, आज बस वेळेवर का?" "अध्यक्ष, ब्रेक की भाषण?" प्रत्येक शर्यतीला आम्ही बस घेऊन जायचो. गाईंच्या मोठ्या घंटा, अक्रोडाचा केक, थर्मासमध्ये कॉफी आणि कॉफीत काय ते तुम्हाला माहितीय. आणि बॅनर. बारा मीटर लांब, पांढऱ्यावर लाल, हॉप ओना, म्हणजे चल ओना. दोन्ही टोकांना काठ्या. उताराच्या वरच्या अंगाची काठी कायम माझी. दहा वर्षांची होते तेव्हापासून. दुसरं कुणी हात लावलेलं मला चालायचंच नाही.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी ती पडली. पुढची मुलगी घसरली आणि तिची स्की ओनाच्या हेल्मेटवर बसली. सहा आठवडे पडदे लावलेल्या खोलीत. मग डॉक्टरांनी तपासलं. महिने उलटे म्हणा, एका पायावर उभ्या राहा, हा शब्द आठवा, तो आठवा. सगळ्यात पास. डोळे? एक झाकून वाचलं, दुसरा झाकून वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. जा म्हणाले, खेळा.

आणि ती हरायला लागली. ऊन असलं की बरी जायची, सावल्या पडतात ना, खड्डा-उंचवटा कळतो. आभाळ आलं की पहिल्या फेरीतच बाहेर. अकरावी, मग एकोणिसावी, मग चोविसावी. पेपरात आलं, तुओर घाबरली. बाबा तो पेपर बसमध्ये घडी करून त्यावरच बसायचा. म्हणायचा, "ओना घाबरली? ती माझ्या बसमध्ये झोपते रे, घाटात!"

गेल्या नोव्हेंबरमध्ये ती आमच्या दुकानात आली, मी काम शिकते त्या चष्म्याच्या दुकानात. दुपारची वेळ, मालकीण जेवायला गेलेली, मी एकटी काचा पुसत होते.

"नेसा, दार लाव."

"गिऱ्हाईक आलं तर?"

"मी गिऱ्हाईक नाही का? लाव. आणि माझे डोळे बघ."

"मी? मला अजून दोन वर्षं शिकायचंय!"

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तू कुठे लिहून ठेवणार नाहीस."

मी तक्ता दाखवला, तिने वाचला, मी म्हटलं तुला माझ्याहून चांगलं दिसतं. मग तिने विचारलं, दोन्ही डोळ्यांनी मिळून काय बघतात, ते कसं तपासतात? तेव्हा मी ती माशीची पाटी काढली. तीच ती, मोठी घाणेरडी माशी, तो रंगीत चष्मा घातला की कागदातून वर येते. लहान मुलं किंचाळतात. मी म्हटलं, पंख चिमटीत धर. आपण सगळे काय करतो? कागदाच्या वर हवेत चिमटी पकडतो, हो ना? ओनाने बोटं सरळ कागदावर टेकवली. नख वाजलं कागदावर.

मी हसले. मला वाटलं मस्करी करतेय.

"कागदच आहे की," ती म्हणाली. "काय पकडू?"

आणि मग माझं तोंड बघून तिला कळलं. तिने चष्मा काढला, नीट घडी करून ठेवला.

मी म्हटलं, "ओना, डॉक्टरांना सांग. काचा असतात, व्यायाम असतात, वर्षभरात सुधारतं कधीकधी."

"वर्षभरात? फेब्रुवारीत ऑलिंपिक आहे. डॉक्टरांना सांगितलं की त्याच दिवशी मला घरी बसवतील. मी एकतिशीची आहे नेसा, पुढच्याला पस्तिशीची असेन. मला फक्त एकदा पहिल्या आठात यायचंय. या हिवाळ्यात एकदा. नियम तसाच आहे, एकदा आलीस की निवड पक्की."

"आणि पडलीस तर?"

"तू कुणाला सांगणार नाहीस. म्हण."

मी म्हटलं. तुम्ही पण म्हटलं असतंत. खरंच सांगा, ओना तुमच्या दुकानात स्टुलावर बसून तुमच्याकडे बघतेय, तुम्ही नाही म्हणाला असतात?

मग तिने तो उपाय काढला. उडीच्या कडेवर निळी रेघ मारतात, पण दहा-वीस स्की वरून गेल्या की ती पुसट होते, आणि ढगाळ उजेडात नुसतं पांढऱ्यावर पांढरं. "पण तुमचं बॅनर मला दिसतं," ती म्हणाली. "तेवढं एकच दिसतं. वरची काठी कोण धरतं?"

"मी."

"मग झालं तर. तू जिथे उभी, तिथे उडी."

कसं असतं, सांगते. उडीची कड यायच्या बरोबर आधी गुडघे दुमडले की कड अंगाखालून जाते, तुम्ही खालीच राहता. उभ्या राहिलात की कड तुम्हाला वर फेकते, इतकी वर की पुढचा उतार ओलांडून तुम्ही थेट सपाटीवर आपटता. अवघा क्षणभराचा फरक. तर शर्यतीच्या आदल्या दिवशी ती मला निरोप पाठवायची, जाळीचा पाचवा खांब, किंवा लाल खुणेपासून चार पावलं. मी तिथे काठी रोवायची. बाकीच्यांना वाटायचं, नेसाला जागेचं वेड आहे. जुसेप, आमचा चीजवाला, म्हणायचा, "हिला लग्नातसुद्धा वरची बाजू लागणार!"

आणि चाललं ना ते! डिसेंबरमध्ये धुकं होतं, बारावी आली. मग नववी. नववी! एका जागेने हुकलं. बाबाने परत येताना चार गावांत हॉर्न वाजवला. मी बसमध्ये मागे बसून रडत होते आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने. अर्धा आनंदच होता.

शेवटची शर्यत जानेवारीत, तिकडे लांब वाले प्रांतात. त्यानंतर निवड. निरोप आला, 'मोठ्या वळणानंतरची उडी. सातवा खांब. काठी दिसली की मी दुमडणार.' त्याखाली एक माशीचं चित्र.

सकाळी आभाळ असं खाली आलेलं की समोरचा डोंगर नव्हताच. आम्ही सातव्या खांबाशी जागा पकडली, मी काठी बर्फात रोवली, वर लाथा मारून पक्की केली. आदल्या दिवशीच्या चाळणीतून उरलेल्या सोळा जणी, चार-चारच्या चार शर्यती, ओना तिसरीत. पहिल्या दोघींत आली की पहिल्या आठात, संपलं. पहिली शर्यत गेली. तेवढ्यात जाळीपलीकडून टीव्हीचा माणूस आला, खांद्यावर कॅमेरा, मिशांना बर्फ.

"तुओरची माणसं ना तुम्ही? तुमचं बॅनर झकास आहे, पण इथे माझ्या कॅमेऱ्यात येत नाही. तीस मीटर खाली या, जिथे त्या उतरतात तिथे. मग उडी आणि बॅनर एकाच चित्रात. अख्ख्या देशाला दिसेल."

बाबाचा चेहरा! तुम्ही बाबाला ओळखत नाही. दहा वर्षं तो हे बॅनर धुतोय, इस्त्री करतोय. आणि सगळे म्हणत होते ओना संपली. त्याला दाखवायचं होतं, आम्ही अजून इथे आहोत म्हणून.

"चला रे! उचला घंटा!"

मी म्हटलं, "बाबा, इथेच राहू."

"का?"

"ओनाला… इथली सवय आहे."

"इथली सवय? या डोंगरावर आपण आज पहिल्यांदा आलोय!"

जुसेप म्हणाला, "ओना काय ऐंशीच्या वेगात बॅनर वाचत येते का? शुद्धलेखन तपासायला?"

सगळे हसले. कॅमेरावालाही हसला. त्याच्याकडे तो केसाळ माईक होता, माझ्यापासून हातभर लांब.

"बाबा, प्लीज."

"माझी पोर गारठली. तिला घोटभर द्या रे कुणीतरी."

दुसरी शर्यत सुटली वरून. घंटा, आरडाओरडा. मी एका हाताने ओनाला फोन लावला. बंद. असणारच, सुटायच्या जागी कोण फोन घेऊन उभं राहतं! बाबाने बॅनरची खालची बाजू उचललीच होती, कापड ताणलं गेलं आणि माझी काठी हलली.

आता बघा, मला बोलता आलं असतं. एक वाक्य. बाबा, तिला अंतर दिसत नाही, ती या काठीवर येते. बाबाने तिथल्या तिथे बॅनर सोडलं असतं, मला माहितीय. पण बारा माणसं होती, जुसेपचं तोंड होतं, तो माईक होता. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं. ओना पहिल्या आठात येऊनही बाहेर. आणि मी तिला म्हटलं होतं ना, कुणाला सांगणार नाही. म्हणून मी मनात म्हटलं, तिला रेघ दिसेल. ती मोजून येते, सकाळी सरावात चार वेळा आलीय, पायांना माहीत असेल. काय काय म्हटलं मी मनात!

आणि काठी उपटली आणि खाली चालत गेले. कुणी ओढलं नाही मला. मी माझ्या पायांनी गेले.

तिसरी शर्यत. ती पुढे होती. हे मला सांगायलाच हवं, कारण टीव्हीवर ते कधी दाखवत नाहीत, ते फक्त पुढचं दाखवतात. मोठ्या वळणातून ती आतल्या बाजूने आली, त्या स्वीडनच्या मुलीच्या बगलेतून, कोपर लावून, अगदी जुनी ओना, आणि बाहेर पडली ती पहिली! बाबा ओरडत होता, "बघा! बघा!" आणि मी वर बघत होते. ती उंच उभी होती. वाट बघत होती. मान थोडी आमच्याकडे. सातवा खांब गेला आणि ती उभीच. मी ओरडले, दुमड, दुमड, पण घंटांत मला माझंच ऐकू आलं नाही.

कडेने तिला वर फेकलं.

ती आमच्या डोक्यावरून गेली. म्हणजे तसं वाटलं. बॅनरच्या बरोबर वर, दोन्ही हात पसरलेले. त्या माणसाला हवं होतं ते चित्र मिळालं. उडी आणि बॅनर एकत्र. मग ती सपाटीवर आली. तो आवाज मी नाही सांगत.

हेलिकॉप्टरला ढगांमुळे वीस मिनिटं लागली. बाबा जाळीखालून गेला आणि तिच्याजवळ बर्फात बसला, तिचं डोकं धरून. घंटा कुणाच्या तरी हातात हलत राहिल्या होत्या, कुणीतरी म्हणालं, थांबव रे.

डावा गुडघा आणि नडगी. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण शर्यत विसरा. आणि तिने स्वतःच डोळ्यांचं सांगून टाकलं, आता काय लपवायचं म्हणून. त्यांनी काचा सांगितल्या, व्यायाम सांगितले. ती काहीच करत नाही. गाडी चालवणं सोडलं. जिना उतरताना भिंतीला हात लावते. आत्या म्हणते, ती डोळे मिटूनच बसते दिवसभर. मला वाटायचं गुडघ्यासाठी रडत असेल.

फेब्रुवारीत मी गेले. ऑलिंपिक चालू होतं, टीव्ही बंद. आत्याने बार्लीचं सूप दिलं आणि ती बाहेर गेली. मी म्हटलं, व्यायाम का करत नाहीस, मी करून घेते, नाकासमोर धरायला पेन्सिल लागते फक्त.

"उपयोग नाही," ओना म्हणाली. "आधी अंतर कळायचं नाही, ते ठीक होतं. पण त्या दिवशी तर तुमचं बॅनरसुद्धा भलतीकडे दिसलं मला. उडीच्या पुढे. म्हणजे सगळंच गेलंय ना."

माझ्या हातात वाटी होती. मी ती खाली ठेवली. आणि सांगितलं सगळं. कॅमेरावाला, तीस मीटर, बाबा, फोन, काठी. एका दमात, आत्ता तुम्हाला सांगतेय तसंच.

मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पायांना कळलं होतं," ती म्हणाली. "सातव्या खांबाशी. पाय म्हणाले, आता. अगदी स्वच्छ. पण काठी खाली होती आणि काठीशी तू होतीस, लाल टोपीत. मी म्हटलं नेसा आहे म्हणजे तेच बरोबर. पाय खोटं बोलतायत."

"ओना…"

"म्हणजे मला येत होतं. काठीशिवाय पण येत होतं मला."

ती हे माझ्याशी बोलत नव्हती. प्लास्टरकडे बघत होती. आधी तिला वाटत होतं, शरीर गेलं, आपण काय करणार. मी जाऊन तेवढंही काढून घेतलं तिच्याकडून. मी कबूल करून मोकळी व्हायला गेले होते, कळतंय ना? मला हलकं वाटणार होतं.

निघताना विचारलं, "बाबाला सांगू?"

तेव्हा कुठे तिने माझ्याकडे बघितलं. "वेडी आहेस का? त्याला रोज त्या घाटातून बस न्यायचीय. शाळेची मुलं असतात आत."

म्हणून बाबाला माहीत नाही. क्लब त्याने अजून मोडलेला नाही, एकशे नव्वद सभासद उरलेत, बॅनर धुऊन माळ्यावर ठेवलंय. रोज जेवताना तो तेच विचारतो, न चुकता, बटाटे सोलता सोलता. "नेसा, उजेडच खराब होता ना त्या दिवशी? तू पाहिलंस ना?"

आणि मी म्हणते, "हो बाबा. उजेडच खराब होता."

तर शनिवारी तुम्ही सगळे येताय ना आमच्याकडे, बाबा स्टेशनवर बस घेऊन येणार आहे. तो तुम्हाला ओनाबद्दल सांगेल, सगळ्यांनाच सांगतो, आणि मग विचारेल, तुम्ही डोळ्यांचं शिकता, तुम्हीच सांगा, ढगाळ उजेडात कुणालाही चुकेल की नाही. तुम्ही फक्त हो म्हणा. त्याच्याशी हात मिळवा, हो म्हणा, आणि सीटवर जाऊन बसा.